आधी नंबर, मग निकाल

आमच्या वन्सं एकवीस वर्षं एका खिडकीत बसतात. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. हा शब्द आता फारसं कुणी वापरत नाही. मीही लग्नानंतर त्यांना चिडवायला म्हणूनच तो सुरू केला होता. त्या चिडल्या नाहीत, आणि शब्द चिकटला तो चिकटलाच.

खिडकी रक्त तपासायच्या लॅबची आहे. जिना चढून गेलं की डाव्या हाताला तीन बाकं, समोर मोठी काच, काचेला खाली अर्धगोल भोक आणि भोकापलीकडे वन्सं, स्वतःच्या उशीसकट स्टुलावर. माणूस भोकातून पावती सरकवतो, वन्सं रिपोर्टचं पाकीट सरकवतात. लॅबमध्ये त्यांचं नावच 'खिडकी' पडलंय. 'खिडकी जेवायला गेलीय.' 'खिडकीला आज सर्दी आहे.' वन्संना यात काही वावगं वाटत नाही.

पाकीट देताना त्यांचा आवाज कधी बदलत नाही. निकाल कसाही असो, वाक्य एकच: "हे तुमच्या डॉक्टरांना दाखवा, आणि सावकाश उतरा, तिसरी पायरी उंच आहे." मी एकदा विचारलं, "आत काय लिहिलंय ते तुम्हाला माहीत असतं ना? मग काहीच कसं वाटत नाही?" तेव्हा म्हणाल्या, "वाटतं की. पण आवाज बदलला तर पाकीट उघडायच्या आधी त्याला कळेल. बसून, पाणी पिऊन, घरच्या कुणाच्या शेजारी कळू दे."

त्यांच्या पाठीमागे मशीनची खोली आहे. तिथे एक उंच, काडीसारखा टेक्निशियन असतो. त्याला सगळे लॅबमधल्या बारीक काचेच्या नळीवरून पिपेट म्हणतात, आणि एकदा त्याला पाहिलं की का म्हणतात ते विचारावं लागत नाही. वन्संच्या डाव्या कोपराशी एक किडनी ट्रे असतो, दवाखान्यातला तो घेवड्याच्या दाण्यासारखा वाकडा, पांढऱ्या एनॅमलचा, कडेला टवका उडालेला. पिपेटने निकालाची चिठ्ठी त्या ट्रेमध्ये टाकायची आणि निघून जायचं. खिडकीत यायचं नाही, खांद्यावरून हात घालायचा नाही, हाक मारायची नाही. चिठ्ठीवर आधी नंबर, मग निकाल, खाली सही. वन्सं एका माणसाचं काम संपवतात, दुसऱ्याकडे वळायच्या आधी ट्रेकडे एक नजर टाकतात, चिठ्ठी असली तर उचलून कॉम्प्युटरवर टाइप करतात आणि छापतात. नियम त्यांनीच केलेला, आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती.

एका मंगळवारी एक सुतार आला. टेप काढून वन्संच्या डोक्यावरून काचेचं माप घ्यायला लागला. वन्सं म्हणाल्या, "काय हो, काच बदलताय?" तो म्हणाला, "नाही बाई, बंद करायचीय. फळ्या मारून रंग द्यायचाय." आपली खिडकी बंद होणार हे वन्संना अशा रीतीने कळलं.

लॅबच्या मालकीणबाई डॉक्टर आहेत. वाईट मुळीच नाहीत, फक्त कायम घाईत असतात. त्यांचं म्हणणं असं, की रांग जिन्यापर्यंत जाते, सगळा वेळ चिठ्ठ्या टाइप करण्यात जातो, त्यापेक्षा रिपोर्ट लोकांच्या फोनवर जातील. वन्सं तळघरात स्टोअरमध्ये बसतील, बाटल्यांवर लेबलं लावतील. नोकरी कुठे जात नव्हती, फक्त माणसं जात होती.

वन्संनी विचारलं, "टायपिंगच गेलं तर? मशीनचा निकाल सरळ माझ्या स्क्रीनवर आला तर?"

"ते कोण करणार?"

"मी," वन्सं म्हणाल्या. चौपन्नाव्या वर्षी, जन्मात एक ओळ प्रोग्रॅम न लिहिलेल्या.

डॉक्टरबाईंनी कॅलेंडर पाहिलं. सुताराचं काम तीन महिन्यांनी, एका सोमवारी सुरू होणार होतं. त्या म्हणाल्या, "त्याच्या आधीच्या शनिवारी अख्खी सकाळ चालवून दाखवा. शनिवारी गर्दी सगळ्यात जास्त असते. रांग हलली पाहिजे, आणि एकही चूक नको. नाहीतर सोमवारी सुतार."

आता यात मी कुठे येते ते सांगते. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते आणि माझ्या नाकावर राग असतो. वन्सं त्याच संध्याकाळी आमच्याकडे आल्या आणि मला म्हणाल्या, "तू करून दे." मी उत्तरपत्रिका तपासत होते, डोकं फिरलेलं होतं. मी म्हटलं, "करून वगैरे काही देणार नाही. शिकवते, तुम्ही करा." मला वाटलं, दोन रविवारांत कंटाळतील. कंटाळायचं नाव नाही. रविवारी सकाळी बरोबर नऊला वही, दोन चष्मे आणि पेन्सिल घेऊन आमच्या जेवणाच्या टेबलावर हजर.

पायथन या प्रोग्रॅमच्या भाषेत ओळींची सुरुवात एका रेषेत नसेल तर प्रोग्रॅम चालतच नाही. माझे विद्यार्थी यावरून रडतात. वन्सं खूश झाल्या. "हे बरंय. आमच्या पिपेटचं अक्षर असल्या शिस्तीत घालायला हवं." दीड महिन्यात त्यांनी स्क्रीनवर एक खिडकी उभी केली. डाव्या बाजूला नंबरांची यादी. नंबरवर टिचकी मारली की उजवीकडे त्या माणसाचा फॉर्म उघडतो. खाली मोठं बटण, 'निकाल आण'.

एका संध्याकाळी लॅबमध्ये मशीनची तार जोडून वन्संनी पहिल्यांदा बटण दाबलं आणि खिडकी गोठली. पांढरीफटक पडली, वर लिहून आलं की हा प्रोग्रॅम प्रतिसाद देत नाही. मिनिटभराने मशीनमधून निकाल आला आणि खिडकीत पुन्हा जीव आला. पण त्या मिनिटात यादी हलेना, बटण दबेना, काहीच नाही.

पुढच्या रविवारी मी माझ्या वर्गातल्या आवाजात समजावलं. खिडकीचा प्रोग्रॅम म्हणजे एक न थांबणारा फेरा असतो, इव्हेंट लूप म्हणतात त्याला. कुणी बटण दाबलं का, कुणी खिडकी सरकवली का, हे तो सतत बघत फिरतो. तुम्ही त्यालाच तारेपाशी उभं केलंत, निकाल येईपर्यंत हलू नकोस म्हणून. मग बटणांकडे बघणार कोण?

वन्संनी चष्मा बदलला. "म्हणजे मी स्टुलावरून उठून आत मशीनपाशी जाऊन उभी राहिले, आणि बाहेर लोक काच ठोकतायत."

"अगदी तेच."

"मग मला कशाला पाठवलंस? आत पिपेट हवा."

पिपेटला आमच्याकडे थ्रेड म्हणतात. एकाच प्रोग्रॅममध्ये, खिडकीचा फेरा चालू असतानाच, बाजूला दुसरं काम करणारा गडी. पण त्या रविवारी साडेअकरा वाजले होते, मला बाहेर जायचं होतं आणि वन्संचे प्रश्न संपत नव्हते. मी लॅपटॉप ओढला आणि म्हटलं, "सरका, मी टाकते." पाच मिनिटांत थ्रेड टाकला. त्याने तारेपाशी बसायचं आणि निकाल आला की समोर जो फॉर्म उघडा असेल त्यात स्वतःच तो आकडा लिहायचा. मशीन निकालाच्या आधी नमुन्याचा नंबर पाठवतं, तो मी छाटून टाकला. फॉर्म उघडाच आहे, नंबर कशाला हवाय? एक खोटा निकाल पाठवून पाहिला. झकास चाललं. वन्संनी विचारलं, "हा असा सरळ फॉर्मवर लिहितो, ते चालतं?" मी म्हटलं, "चाललं ना आता तुमच्यासमोर?"

चालत नसतं. आतल्या थ्रेडने खिडकीला हात लावायचा नाही, हा नियम मी दरवर्षी फळ्यावर लिहिते आणि खाली दोन रेघा मारते.

शेवटच्या आठवड्यातल्या गुरुवारी वन्संनी लॅबमध्ये प्रोग्रॅम चालवून पाहिला. सकाळी दोनदा स्क्रीन अडकली, अक्षरं एकमेकांवर चढली. मग अकराच्या सुमाराला त्यांच्यासमोर सतरा नंबरचा फॉर्म उघडा होता आणि हिमोग्लोबिन आलं सहा पूर्णांक दोन, म्हणजे फारच कमी. वन्संनी काचेतून पाहिलं. सतरा नंबर म्हणजे एक धट्टाकट्टा तरुण, दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढून आलेला. त्याच्या मागे बाकावर सोळा नंबरच्या आजी बसल्या होत्या, ओठ पांढरे, भिंतीला टेकलेल्या. वन्संनी पाकीट दिलं नाही. "पाच मिनिटं बसा हं" म्हणाल्या, त्याच आवाजात, आणि आत जाऊन पिपेटची वही पाहिली. सहा पूर्णांक दोन आजींचं होतं.

झालं असं होतं, की सोळाचा निकाल यायच्या आत वन्संनी सतराच्या पावतीसाठी सतराचा फॉर्म उघडला. माझा गडी निकाल घेऊन आला, समोर उघडा दिसला त्या फॉर्मवर लिहून मोकळा झाला. आजींना वेळेवर त्यांचं पाकीट मिळालं आणि वन्संनी पिपेटला त्यांच्याबरोबर खालपर्यंत पाठवलं. मग प्रोग्रॅम बंद केला आणि स्वतः जाऊन डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "बाई, म्हणूनच मी म्हणत होते." शनिवार मात्र त्यांनी रद्द केला नाही.

संध्याकाळी वन्सं आमच्याकडे आल्या. ओरडल्या असत्या तर मीही ओरडले असते आणि प्रकरण मिटलं असतं. त्यांनी टेबलावर दोन कागद ठेवले, सोळाचा आणि सतराचा, आणि बसल्या.

"आतल्याने खिडकीला हात लावायचा नसतो का गं?"

"नसतो."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग?"

"घरी चालत होतं," मी म्हटलं. हे वाक्य मी विद्यार्थ्यांच्या तोंडून हजारदा ऐकलंय आणि दर वेळी त्यांची बिनपाण्याने केलीय. मला इतकी लाज वाटली की मी उठून उगाच चहाचं आधण ठेवलं.

चहा उकळेपर्यंत पाठमोरी उभी राहून मी बोलत होते. म्हटलं, आतल्या थ्रेडने खिडकीशी थेट बोलायचंच नाही. मधे एक क्यू, म्हणजे रांग, ठेवायचा. आतल्याने निकाल क्यूमध्ये टाकायचा आणि आपल्या कामाला परत जायचं. खिडकीच्या फेऱ्याने आपल्या सवडीने, ठरावीक वेळाने, क्यूमध्ये डोकवायचं. काही असलं तर त्यानेच उचलायचं आणि त्यानेच फॉर्मवर लिहायचं. म्हणजे खिडकीला हात एकाचाच...

मी वळून पाहिलं. वन्सं माझ्याकडे अशा बघत होत्या की जणू मी त्यांच्याच घरात त्यांनाच पत्ता विचारला.

"ट्रे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"अगं, हा माझा ट्रे आहे! पंधरा वर्षं माझ्या कोपराशी आहे. तीन महिने मला शिकवतेयस, आणि ट्रे आज सांगतेस?"

मग त्यांनी ट्रेची गोष्ट सांगितली, जी मला लग्नाला बारा वर्षं होऊन माहीत नव्हती. पिपेटच्या आधी एक उत्साही टेक्निशियन होता. मदत म्हणून तो वन्संच्या खांद्यावरून हात घालून परस्पर पाकिटं द्यायचा. एके दिवशी त्याने एकाचं पाकीट दुसऱ्याला दिलं. त्या माणसाने तीन दिवस स्वतःला मरणार समजून काढले. चौथ्या दिवशी आला, खिडकीशी उभा राहिला आणि नुसता रडला. दुसऱ्या दिवशी वन्संनी भांड्यांच्या कपाटातून किडनी ट्रे उचलून आणला.

"आधी नंबर, मग निकाल, खाली सही," वन्सं म्हणाल्या. "तू नंबर छाटलास ना? सरक आता. मी लिहिते."

मी सरकले. आयुष्यात पहिल्यांदा लॅपटॉपसमोरून मला कुणी उठवलं, आणि बरंच वाटलं. वन्संनी क्यूचं नाव मराठीत 'ट्रे' असंच लिहिलं. मी म्हटलं, देवनागरी नाव चालणार नाही. चाललं. त्यांनी चष्मा पुसला. ट्रेमध्ये पडणाऱ्या प्रत्येक चिठ्ठीत तीन गोष्टी: नमुन्याचा नंबर, निकाल, कुठल्या मशीनने दिला ते. फॉर्म कुठलाही उघडा असो, निकाल ज्याच्या नंबरचा त्याच्याच नावावर जाणार. ट्रेकडे किती वेळाने बघायचं? मी म्हटलं, सेकंदाचा दहावा भाग लोक ठेवतात. त्यांनी हवेत एक पाकीट दिल्यासारखं केलं, नजर डावीकडे टाकली, परत आणली, आणि पाव सेकंद लिहिलं.

पहिल्यांदा चालवलं, आणि खिडकी पुन्हा गोठली. मला हसू आलं, कारण ही चूक वर्गात प्रत्येक जण करतो. त्यांनी ट्रेमधून 'घे' असं सांगितलं होतं, आणि ट्रे रिकामा असेल तर साधं 'घे' चिठ्ठी येईपर्यंत हात पसरून उभं राहतं. 'असेल तर घे, नसेल तर चल' असं वेगळं सांगावं लागतं. वन्संनी कपाळावर हात मारला. "रिकाम्या ट्रेकडे बघत बसले होय मी! बाहेर रांग आणि मी ट्रे न्याहाळतेय."

शुक्रवारी संध्याकाळी सगळं जमत आलं आणि एक नवीनच लचांड निघालं. खिडकी बंद केली तरी प्रोग्रॅम संपेना. आतला थ्रेड तारेपाशी बसूनच होता, त्याला बाहेर कुलूप लागल्याची खबरच नाही. मी म्हटलं, "सोपं आहे. एक शब्द टाकायचा, की खिडकी मिटली की तोही जागच्या जागी संपतो."

"आणि त्या वेळी मशीन निकाल पाठवत असेल तर?"

"तो गेला. मशीन पुन्हा लावायचं."

"नको."

"अहो वन्सं, दिवसातून एकदा बंद करणार तुम्ही. काय फरक पडतो?"

"नको म्हटलं ना. आत माणूस काम करतोय. त्याला न सांगता कुलूप लावायचं?"

त्यांचा आवाज बदलला होता. एकवीस वर्षांत न बदललेला तो आवाज. त्या लॅपटॉपकडे बघत म्हणाल्या, "सुतार माझ्या डोक्यावरून टेप नेत होता गं. टेपवरचा भुसा माझ्या उशीवर पडला. मी झटकला, आणि पुढच्या माणसाला पाकीट दिलं. खिडकी त्यांची आहे, बंद करायची तर करू देत. पण मला कुणी आधी सांगितलं नाही." आणि डोळ्यांना पदर लावला.

मला डॉक्टरबाईंचा राग आला, सुताराचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा आला, कारण तीन महिने या बाई माझ्या टेबलाशी बसत होत्या आणि मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढली. म्हटलं, "चला, सांगूया त्याला."

मग आम्ही आतल्या गड्यासाठी दुसरा ट्रे केला. खिडकी बंद करायचं बटण दाबलं की त्यात चिठ्ठी पडते, 'घरी जा'. गडी दर सेकंदाला त्या ट्रेकडे बघतो. हातात काम असलं तर ते पुरं करतो, निकाल रीतसर आपल्या ट्रेमध्ये टाकतो आणि शेवटची चिठ्ठी टाकतो, 'निघालो'. ती मिळाली की मगच खिडकी मिटते. तोवर स्क्रीनवर वन्संनी लिहिलेली ओळ दिसते: 'आत काम चालू आहे. थांबते.'

शनिवारी मी कॉलेजात रजा टाकून लॅबमध्ये गेले. साडेसातलाच बाकं भरलेली होती. डॉक्टरबाई हातात यादी घेऊन वन्संच्या मागे उभ्या राहिल्या आणि प्रत्येक छापलेला रिपोर्ट पिपेटच्या वहीशी ताडून बघायला लागल्या. पिपेटला चिठ्ठ्या लिहायच्या उरल्या नव्हत्या, म्हणून दोन नमुन्यांच्या मधे तो दारात उभा राहून नखं खात होता. मीही खात होते.

नऊच्या सुमाराला एक आजोबा भोकाशी वाकून सगळी कुळकथा सांगायला लागले. वन्सं ऐकत होत्या. स्क्रीनच्या कोपऱ्यात ट्रेमधून आलेल्या नव्या निकालांचा आकडा एकाचा दोन झाला, दोनाचा तीन झाला, आणि प्रत्येक निकाल आपापल्या नावापुढे जाऊन बसला. खिडकी एकदाही गोठली नाही. आजोबांचं संपल्यावर वन्संनी त्यांना पाकीट दिलं, तिसऱ्या पायरीचं सांगितलं आणि मागचे तिघे दोन मिनिटांत मोकळे केले. साडेदहाला बाकावर जागा दिसायला लागली. शनिवारी साडेदहाला! डॉक्टरबाई यादीवर टिकमार्क करत होत्या. मी त्यांच्या खांद्यावरून मान लांब करून बघत होते, तर त्यांनी यादी माझ्यापासून तिरकी धरली.

दुपारी एकपर्यंत एकशे बारा माणसं झाली. एकही चूक नाही. पिपेटने मला टाळी द्यायला हात वर केला आणि वरच्या ट्यूबलाइटला आपटला.

वन्संनी खिडकी बंद करायचं बटण दाबलं. स्क्रीन मिटली नाही. ओळ आली: 'आत काम चालू आहे. थांबते.'

"अडकली का?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

"नाही," वन्सं म्हणाल्या. "आत शेवटचा नमुना लागलाय. त्याला सांगितलंय, की आज आपण बंद करतोय. त्याचं हातातलं झालं की तो कळवेल, मग मिटेल."

"कुणाला सांगितलंय?"

"आत जो काम करतोय त्याला. न सांगता बंद करणं बरं दिसत नाही."

त्या हे टोमणा म्हणून बोलल्या नाहीत. मी त्यांना ओळखते, त्यांना टोमणा मारता येत नाही, मला येतो. पण डॉक्टरबाईंचं पेन यादीवर थांबलं. आम्ही चौघंही स्क्रीनकडे बघत उभे होतो. वीस-पंचवीस सेकंद गेली असतील. एकशे तेराव्याचा निकाल आला, त्याच्या नावापुढे बसला, आणि खिडकी शांतपणे मिटली. डॉक्टरबाई यादी घेऊन आत गेल्या.

मला वाटलं, संपलं. एवढं सगळं करून बाईंच्या तोंडून एक शब्द नाही! मी वन्संची पर्स उचलली, आता आत जाऊन चार शब्द सुनवायचे म्हणून पदर खोचला. तेवढ्यात भोकाशी एक बाई धापा टाकत आली, एकशे तेरा नंबरची. वन्सं पुन्हा स्टुलावर बसल्या, तिची पावती घेतली आणि प्रोग्रॅम पुन्हा उघडायला लागल्या.

आतलं दार उघडलं. डॉक्टरबाई आल्या. हातात एक चिठ्ठी होती. त्या वन्संपाशी आल्या, काहीतरी बोलणार होत्या, मग थांबल्या. चिठ्ठी ट्रेमध्ये ठेवली आणि दोन पावलं मागे सरकून उभ्या राहिल्या. पंधरा वर्षांत त्या ट्रेमध्ये त्यांनी स्वतः काही टाकल्याचं पिपेटला आठवत नाही.

वन्संनी आधी त्या बाईचं काम केलं. रिपोर्ट छापला, घडी घातली, पाकिटात घातला, सरकवला. "हे तुमच्या डॉक्टरांना दाखवा, आणि सावकाश उतरा, तिसरी पायरी उंच आहे." मग नजर डावीकडे टाकली आणि चिठ्ठी उचलली. मी मागून वाचली.

'खिडकी नं. १. चालू राहील. सुताराला नको म्हणून कळवलं. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं.'

वन्संनी ती दोनदा वाचली, एकदा एका चष्म्याने आणि एकदा दुसऱ्याने. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि माझेच डोळे भरून आले. त्यांनी चिठ्ठी वळवून डॉक्टरबाईंपुढे धरली, वर पेन ठेवलं, आणि रोजच्या आवाजात म्हणाल्या, "खाली सही राहिली."